वापर आणि वारसा : भोपाळ शहराच्या निमित्ताने



ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या वर्गात बसण्याचे भाग्य मला लाभले. सर आम्हांला इतिहास शिकवीत. आठवीच्या वर्षी एका रविवारी ते आम्हां पंधरा-वीस मुलांना जुन्या शहरात चौकात घेऊन गेले. प्रत्येकाच्या हाती एक वही दिली आणि त्या वहीत दोन रकाने आखायला सांगितले : ‘खाली काय’ आणि ‘वर काय’. लखेरापुऱ्याच्या गल्लीतून एकेक घर पाहत जायचे आणि लिहायचे. खाली बांगड्यांचे दुकान, वर दुकानदाराचे बिऱ्हाड. खाली सराफी पेढी, वर शिकवणीची खोली आणि मागे आजीबाईंचे स्वयंपाकघर. आम्हांला वाटले, सर आज मशिदी, महाल, दरवाजे दाखवतील. त्यांनी दाखविली ती माणसे कुठे राहतात आणि कुठे कमावतात हे. त्या दोन रकान्यांचा अर्थ मला फार उशिरा कळला. आजचे माझे व्याख्यान म्हणजे त्या वहीचा उशिरा लिहिलेला गोषवारा होय.

मी जन्मभर मराठी भाषा आणि साहित्य शिकविले. नगररचना हा माझा प्रांत नव्हे, ह्याची मला जाणीव आहे. तथापि शहराचा आराखडा केवळ अभियंत्यांसाठी केलेला नसतो. त्यात आपले घर, आपली गल्ली, आपला बाजार ह्यांचे भवितव्य लिहिलेले असते. जे आपल्याविषयी लिहिलेले आहे ते वाचता यावे, एवढी अपेक्षा भाषेच्या शिक्षकाने बाळगली तर ती गैर ठरू नये.

१. पेठ आणि वारा

१९५६ साली १ नोव्हेंबरला नवे मध्य प्रदेश राज्य झाले आणि भोपाळ त्याची राजधानी ठरली. नागपूर, ग्वाल्हेर, इंदूर, रीवा येथील कचेऱ्यांतून कर्मचाऱ्यांची कुटुंबे येथे आली. माझे वडील नागपूरच्या सचिवालयातील कारकून. तात्या टोपे नगरातील सरकारी क्वार्टरमध्ये आमचे सामान उतरले तेव्हा मी सहा वर्षांचा होतो. वडील पहिल्यांदा जुन्या शहरात गेले आणि परत येऊन आईला म्हणाले, ‘‘अगं, इथंही इतवारा आहे, बुधवारा आहे!’’ नागपूरच्या इतवारी-बुधवारीत वाढलेल्या माणसाला परक्या गावात आपले काही सापडले, ते हे.

पुढे पुण्याच्या पेठांचा परिचय झाला तेव्हा हे साम्य अधिकच ठळक झाले. सोमवार पेठ, बुधवार पेठ, रविवार पेठ. नागपुरात इतवारी, मंगळवारी, शनिचरी. आणि भोपाळात इतवारा, मंगळवारा, बुधवारा, जुमेराती. तीन शहरे, तीन राजवटी, तीन बोली. परंतु वस्तीला वाराचे नाव देण्याची रीत एक. वार हा बाजाराचा. म्हणजे ह्या शहरांच्या वस्त्यांची ओळखच व्यापाराशी बांधलेली होती, आणि तरीही त्या वस्त्या होत्या, नुसते बाजार नव्हेत. ‘पेठ’ ह्या आपल्या शब्दातच घर आणि दुकान दोन्ही नांदतात. ‘पेठेत राहतो’ आणि ‘पेठेत जाऊन येतो’, दोन्ही आपण सहज म्हणतो. आजच्या नियोजनाच्या परिभाषेत ह्या शब्दाला नेमका प्रतिशब्द नाही, आणि अडचणीचा उगम मला तेथेच दिसतो.

२. तट कोणी पाडला?

भोपाळचे नाव परंपरेने राजा भोजाशी जोडले जाते. अकराव्या शतकातील ह्या परमार राजाच्या नावावर ‘समराङ्गणसूत्रधार’ हा वास्तुशास्त्रावरील ग्रंथ आहे आणि त्यात नगरनिवेशाचाही विचार आहे. आजच्या मध्य प्रदेशात नगररचनेला ‘नगर निवेश’ म्हणतात, ते नाव त्या जुन्या परंपरेतील शब्दाचेच होय. तथापि आज आपण पाहतो ते जुने शहर अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात दोस्त मोहम्मद खानाच्या काळी आकारास आले. ‘शहर-ए-खास’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वस्तीभोवती तट होता आणि त्याला दरवाजे होते.

ह्या तटाशी आपल्या पूर्वजांचा संबंध फारसा स्नेहाचा नव्हता. १७३७ च्या डिसेंबरात पहिल्या बाजीरावाने निजामाला भोपाळजवळच कोंडीत पकडले आणि जानेवारी १७३८ मध्ये दोराहा सराईचा तह झाला. पुढे १८१२-१३ मध्ये शिंदे आणि नागपूरकर भोसले ह्यांच्या फौजांनी शहराला वेढा घातला. वजीर मोहम्मद खानाने कित्येक महिने शहर लढविले आणि ते पडले नाही.

वेढ्यात जो तट टिकला तो आज कुठे आहे? जुमेरातीच्या दरवाजासारखे काही अवशेष सोडले तर तो बहुतांशी नाहीसा झाला आहे. तो पाडायला कोणी सेनापती आला नाही. कुठे रस्ता रुंद झाला, कुठे तटाला टेकून दुकान उभे राहिले, कुठे तटाचा दगड घराच्या जोत्यात गेला. शत्रूच्या तोफांना जे जमले नाही ते नित्याच्या वापराने केले. म्हणून माझे आजचे मुख्य म्हणणे असे : वारसा दगडात असतो हे अर्धे खरे. तो टिकणार की जाणार हे त्या दगडाच्या वापरावर ठरते. जतनाची लढाई वस्तुसंग्रहालयात लढली जात नाही. ती भूवापराच्या नकाशावर आणि दुकानाच्या भाड्यात लढली जाते.

३. नकाशातील रंग

भूवापर म्हणजे काय, हे माझ्यासारख्या सामान्य माणसाला समजेल अशा शब्दांत सांगतो. विकास आराखडा, ज्याला येथे सर्वजण ‘मास्टर प्लॅन’ म्हणतात, तो म्हणजे शहराचा रंगीत नकाशा. रूढ पद्धतीप्रमाणे निवासासाठी पिवळा, व्यापारासाठी निळा, उद्योगासाठी जांभळा, उद्यानांसाठी हिरवा रंग असतो. आपल्या जमिनीवर जो रंग पडेल त्यावरून तेथे काय करता येईल हे ठरते. मध्य प्रदेशात ह्यासाठी १९७३ चा नगर तथा ग्राम निवेश अधिनियम आहे. आराखडा नगर तथा ग्राम निवेश संचालनालय तयार करते. बांधकामाच्या परवानग्या नगर निगम देते.

वापरांची अशी विभागणी का करावी, ह्याचे उत्तर भोपाळइतके कठोरपणे दुसऱ्या कोणत्याही शहराला मिळालेले नाही. शहराचा पहिला विकास आराखडा १९७५ साली झाला. उपद्रवकारक उद्योगांना वस्तीपासून दूर जागा द्यावी, असे त्यात ठरविलेले होते आणि कीटकनाशकांचे उत्पादन त्याच वर्गात मोडत होते. युनियन कार्बाइडचा कारखाना मात्र रेल्वे स्टेशनच्या उत्तरेस, जयप्रकाश नगर आणि छोला ह्या वस्त्यांच्या शेजारी होता तेथेच राहिला. १९८४ साली नगरांतील भूमिहीनांना पट्टे देणारा कायदा राज्यात झाला. निवाऱ्याच्या दृष्टीने तो न्याय्य होता. परंतु शेजारी काय आहे हा प्रश्न वेगळाच राहिला. त्याच वर्षी २ आणि ३ डिसेंबरच्या मधल्या रात्री जे घडले ते आपणा सर्वांस ठाऊक आहे. आपल्यापैकी अनेकांनी ते भोगले आहे. नकाशातील रंग हा कागदी खेळ नसतो, हे त्या रात्री हजारो माणसांनी प्राण देऊन सांगितले.

म्हणून विभागणीच नको, असे मी कधीही म्हणणार नाही. परंतु विषारी वायूची टाकी आणि बांगड्यांचे दुकान ह्यांना एकच न्याय लावता येत नाही. घातक वापर घरापासून तोडलाच पाहिजे. पोसणारा वापर घरापासून तोडला तर घर आणि दुकान दोन्ही मरतात. चौकासारख्या भागावर एकच निळा रंग फासला की कायदा जणू म्हणतो : येथे व्यापार होऊ द्या, राहणारे गेले तरी चालेल. आणि राहणारे खरोखरच जातात.

४. घर कसे रिकामे होते

ते कसे जातात, हे मी गेली पन्नास वर्षे पाहत आलो आहे. पुण्यातील वाड्यांचा इतिहास वाचणाऱ्यास ही कथा ओळखीची वाटेल.

आरंभी खाली दुकान आणि वर बिऱ्हाड असते. गिऱ्हाईक वाढते, दुकानाचे मोल वाढते. वरच्या बिऱ्हाडाचे भाडे मात्र जुन्या कराराने गोठलेले असते. मालकाला दुरुस्ती परवडत नाही आणि भाडेकरूला ती आपली वाटत नाही. दरम्यान मुले मोठी होतात, गाडी घेतात, गाडी लावायला गल्लीत जागा नसते. कुटुंब अरेरा कॉलनीकडे किंवा कोलार रस्त्याकडे निघून जाते. वरचा मजला रिकामा होतो. खालच्या दुकानदाराला माल ठेवायला जागा हवीच असते. बिऱ्हाड जाऊन गोदाम येते.

येथून विनाशाची गती वाढते. लाकडी तुळयांवर माणसांचा भार वेगळा आणि कापडाच्या गाठींचा, कागदाच्या गठ्ठ्यांचा भार वेगळा. जुन्या वायरिंगवर नवे दिवे येतात. रात्री वर कोणी झोपत नसल्यामुळे गळती कोणाला दिसत नाही, ठिणगी कोणाला दिसत नाही. काही पावसाळ्यांनंतर भिंत फुगते आणि इमारत ‘जीर्ण’ ठरते. जीर्ण ठरली की पाडण्यास मार्ग मोकळा. तिच्या जागी काचेच्या दर्शनी भागाची, तळमजल्यापासून गच्चीपर्यंत दुकानांचीच इमारत उभी राहते. ह्या साऱ्या प्रवासात कोणीही ‘वारसा नष्ट करू या’ असे म्हटलेले नसते. प्रत्येकाने आपल्यापुरता शहाणपणाचाच निर्णय घेतलेला असतो.

अशा इमारतीसमोरून आणखी एक गोष्ट जाते, ती म्हणजे पटिया. जुन्या भोपाळात दुकानांपुढे दगडी पटिये असत. दिवसा त्यांवर माल मांडला जाई आणि दुकान बंद झाल्यावर त्यांवर मंडळी बसत. रात्री उशिरापर्यंत गप्पा, शेरोशायरी, राजकारण. त्याला येथे ‘पटियेबाजी’ म्हणतात. हा पटिया नकाशात कोणत्या रंगाचा दाखवावा? दिवसा तो व्यापारी, रात्री सार्वजनिक, आणि अतिक्रमण हटविणाऱ्या पथकाच्या लेखी बेकायदेशीर. भोपाळचे भोपाळपण ज्या दगडावर बसले होते, त्या दगडाला आपल्या परिभाषेत जागाच नाही.

५. वापराने वाचलेल्या वास्तू

वापर मारतो तसा वापर तारतोही. १८२० साली कुदसिया बेगम ह्यांनी बांधविलेला गौहर महाल हस्तकलांच्या प्रदर्शनांमुळे लोकांच्या येण्याजाण्यात राहिला. मिंटो हॉलची पायाभरणी १९०९ सालची. १९५६ पासून १९९६ पर्यंत तेथे राज्याची विधानसभा भरत असे. चार्ल्स कोरिया ह्यांनी रचलेल्या नव्या विधानभवनात सभागृह गेल्यावर ह्या वास्तूचे काय होणार अशी चिंता होती. पुढे २०१८ मध्ये तेथे संमेलनकेंद्र झाले आणि २०२१ मध्ये त्याला कुशाभाऊ ठाकरे ह्यांचे नाव देण्यात आले. सदर मंझिल अनेक वर्षे नगर निगमाचे कार्यालय होते. नंतर स्मार्ट सिटी योजनेतून तिची दुरुस्ती होऊन ती हॉटेलसाठी देण्यात आली.

ह्याच्या उलट शाहजहाँ बेगम ह्यांचा ताजमहाल पाहा. १८७१ ते १८८४ ह्या काळात बांधलेला हा विस्तीर्ण प्रासाद. फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांना त्याने आसरा दिला. ती कुटुंबे बैरागढला स्थलांतरित झाली आणि प्रासाद रिकामा पडला. त्यानंतर त्याची पडझड होत गेली. निर्वासितांच्या चुलींनी त्याचे छत काळे झाले असेल. परंतु छत गळू लागले की तो धूर करणारा माणूसच प्रथम ओरडतो. रिकाम्या महालाच्या वतीने कोण ओरडणार?

अर्थात प्रत्येक नवा वापर सारखाच चांगला, असेही नाही. ज्या सदर मंझिलीत सामान्य माणूस कराची पावती घ्यायला जात असे, तेथे आता तो कोणत्या निमित्ताने जाईल? जतन करताना भिंतींबरोबर वहिवाटही जपली जाते की नाही, हे विचारले पाहिजे.

मुंबईने १९९५ साली बृहन्मुंबईसाठी वारसा-नियमावली लागू केली. इमारतींची तीन श्रेणींत वर्गवारी झाली. जतनामुळे मालकाला जे बांधकाम करता येत नाही, त्याचा हक्क अन्यत्र विकता येण्याची सोय झाली. भारतातील हे पहिले मोठे पाऊल होते आणि त्यातील न्यायबुद्धी अनुकरणीय आहे, कारण वारशाचा सारा बोजा एकट्या मालकावर टाकणे अन्यायाचे होय. तथापि श्रेणी मिळते ती इमारतीला. चौकातील लखेरापुऱ्याची एकेक इमारत पाहिली तर ती सामान्यच आहे. थोर आहे ती त्यांची रांग आणि तिच्यातले जगणे. त्याला कोणती श्रेणी देणार?

६. इंदुरातील एक दिवाळी

ह्या प्रश्नाचा विचार शंभर वर्षांपूर्वी, आपल्यापासून फार दूर नव्हे तर इंदुरात, झालेला आहे. पॅट्रिक गेडेस हे स्कॉटिश विद्वान होळकर दरबाराच्या निमंत्रणावरून तेथे आले. त्यांचा इंदूरविषयक अहवाल १९१८ साली दोन खंडांत प्रसिद्ध झाला. पुढे ते मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे पहिले प्राध्यापक झाले, आपले गो. स. घुर्ये त्यांच्याच निवडीने इंग्लंडला शिकावयास गेले.

जुन्या गावातून रुंद सरळ रस्ते काढण्याला गेडेस ह्यांचा विरोध होता. त्यांची पद्धत शल्यवैद्याची होती : जेथे खरोखर सडले आहे तेवढेच काढावे, त्या जागी लहानसे अंगण किंवा झाड द्यावे, बाकीचे दुरुस्त करावे. ह्यात खर्च कमी आणि घरे उठविली जातात तीही कमी. इंदुरात तेव्हा प्लेगचे भय होते. असे सांगतात की गेडेस ह्यांनी दिवाळीची मिरवणूक आपल्या हाती मागून घेतली आणि जाहीर केले की मिरवणूक नेहमीच्या मार्गाने न जाता, ज्या भागातील घरे सर्वांत अधिक झाडूनपुसून दुरुस्त झाली असतील त्या भागातून जाईल. घरोघरी चुना लागला, कचऱ्याच्या गाड्याच्या गाड्या बाहेर गेल्या; आणि अखेर प्लेगच्या उंदराच्या प्रचंड प्रतिमेचे दहन झाले. जतनाचे काम लोकांवर लादायचे नसते, लोकांनाच त्यात मान द्यायचा असतो, हे त्यांनी एका सणाच्या आधारे दाखविले.

७. माझी सही

आता एक कबुली. इतरांस उपदेश करणाऱ्याने आपला हिशेबही मांडला पाहिजे.

ज्या वसाहतीत मी नोकरीच्या काळात घर बांधले ती पूर्णतः निवासी, पिवळ्या रंगाची. एका शेजाऱ्यांनी घराच्या पुढच्या खोलीत दवाखाना काढण्यासाठी रहिवाशांची ना-हरकत मागितली. मी तेव्हा रहिवासी समितीचा चिटणीस. भल्या माणसाचे भले काम, असे म्हणून मी पहिली सही केली. काही वर्षांनी तेथे शिकवणी वर्ग आले, मग पूर्ण घराचेच शोरूम झाले. शेजारच्यांनी तोच दाखला दाखवून आपापली परवानगी मागितली. दहा वर्षांत आमची गल्ली बाजार झाली; आणि बाजारात असतो तो पटिया मात्र आला नाही, आल्या त्या फक्त मोटारी. एका रात्री माझ्या पत्नीस छातीत कळ आली तेव्हा रुग्णवाहिका गल्लीच्या तोंडाशी वीस मिनिटे अडकून पडली. ती वाचली, ही ईश्वराची कृपा. त्या वीस मिनिटांत मी कोणाला दोष देणार होतो? पहिली सही माझीच होती.

ह्यातून मला दोन गोष्टी कळल्या. एक, लहान वापराला दिलेली परवानगी लहानच राहावी अशी अट आरंभीच लिहून घ्यावी लागते : किती जागा, किती माणसे, किती वाजेपर्यंत. दुसरी, मिश्र वापर म्हणजे मोकाट वापर नव्हे. जुन्या चौकात घर आणि दुकान एकत्र नांदले ते दुकानदार स्वतः वर राहत होता म्हणून. स्वतःच्या डोक्यावर कोणी स्फोटक माल साठवीत नाही.

८. आपण काय करावे

१९५१ च्या जनगणनेत भोपाळची वस्ती सुमारे एक लाख होती. २०११ मध्ये ती सुमारे अठरा लाख झाली. १९९५ साली मंजूर झालेल्या आराखड्याचे लक्ष्यवर्ष २००५ होते. ते वर्ष उलटले तरी शहर पुढे दीर्घकाळ त्याच आराखड्यावर चालले. २०३१ साठीचा मसुदा २०२० मध्ये निघाला आणि त्यावर हरकतींचा पाऊस पडला. आराखडा नसतो तेव्हा शहर थांबत नाही. ते सुट्या परवानग्यांनी, माझ्यासारख्यांच्या सह्यांनी वाढते.

१९७३ च्या अधिनियमाने नागरिकाच्या हाती एक साधन दिलेले आहे. आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाला की हरकती आणि सूचना देण्यासाठी तीस दिवसांची मुदत असते. ह्या तीस दिवसांत बिल्डरचा वकील नकाशा वाचतो. आपण वर्तमानपत्रात त्याची बातमी वाचतो. नागरिकांच्या हरकतींना वजन असते, ह्याचा अनुभव शहराने २०१६ मध्ये घेतला आहे. स्मार्ट सिटीसाठी प्रथम शिवाजी नगर-तुलसी नगरचा भाग निवडला होता. तेथील झाडांसाठी रहिवासी उभे राहिले आणि योजनेची जागा बदलली. ती बदलून तात्या टोपे नगरात आली आणि आमच्या लहानपणीच्या क्वार्टरांचा परिसर त्यात गेला, हा दैवाचा विनोद. मी त्याबद्दल रडत नाही. प्रत्येक जुनी भिंत वारसा नसते. परंतु कोणती आहे आणि कोणती नाही हे विचारून ठरावे, विसरून नव्हे.

माझ्या सूचना मोजक्या आहेत. जुन्या शहरासाठी घर-दुकान एकत्र असा स्वतंत्र वापर नकाशात असावा. वरच्या मजल्यावर गोदामास बंदी असावी. जो मालक वर राहतो किंवा भाडेकरू ठेवतो त्याला मालमत्ताकरात आणि दुरुस्तीत सवलत मिळावी. आणि ह्या मागण्या तीस दिवसांच्या मुदतीत, गल्लीच्या नावानिशी, लेखी द्याव्यात.

शेवटची सूचना ह्या शाळेला. सरांची ती वही पुन्हा काढावी. दरवर्षी आठवीच्या मुलांनी एका रविवारी लखेरापुरा, इब्राहिमपुरा, जुमेराती येथे जावे आणि दोन रकाने भरावेत : खाली काय, वर काय. त्या वह्या शाळेच्या ग्रंथालयात वर्षानुक्रमे ठेवाव्यात. पुढचा मसुदा येईल तेव्हा त्या वह्या घेऊन माजी विद्यार्थ्यांनी सुनावणीस जावे. माझी आठवीची वही घरे बदलताना कुठेतरी हरवली. लखेरापुऱ्यात तेव्हा वर किती बिऱ्हाडे होती हे आज मला आकड्यानिशी सांगता येत नाही, ही माझी खंत आहे. आज येथे पुढच्या रांगेत बसलेल्या मुलांवर ही वेळ येऊ नये.